कानावरची बिडी

जमिनीवर ते सगळ्यांना अरे-तुरे करायचे आणि हवेत अहो-जाहो. यात मुलगा-मुलगी, बंगल्यातला-शेतातला असला भेद नव्हता. विमानाची चाकं धावपट्टीला टेकलेली असेपर्यंत "अगं ए येळ्ळूर, बुटाची नाडी बांध की!" आणि चाकं सुटली, की त्याच तोंडातून, "जरा नाक खाली घेता का? आभारी आहे." परत उतरताना चाकं टेकली रे टेकली, की लगेच, "काय गं हे उतरणं? का पोतं टाकलीस गाडीतनं?"

मी एकदा धीर करून कारण विचारलं. तेव्हा आम्ही जमिनीवर होतो, त्यामुळे उत्तर त्या भाषेत मिळालं. "वर असताना कुणाचा अपमान करू ने गं. माणूस चिडलं की हात आवळतंय. हात आवळला की इमान बिघडतंय. खाली आल्यावर किती बी शिव्या दे, कोण पडत न्हाय."

ते आमचे उड्डाण शिकवणारे सर. बेळगावच्या विमानतळावर छोट्या विमानांची शाळा आहे, तिथे मी जवळच्या येळ्ळूर गावाहून वैमानिक व्हायला गेले होते. सर मूळचे निपाणीचे. पोट भरपूर, मान जवळपास नाही, आणि उजव्या कानावर सदोदित एक बिडी. ती त्यांनी कधी पेटवलेली कुणी पाहिली नाही. सर बिडी ओढतच नसत. त्यांच्या आईने बिड्या वळून त्यांना वाढवलं होतं. "आईची आठवण म्हणून ठेवता का सर?" असं पुण्याहून आलेल्या एका मुलाने हळव्या आवाजात विचारलं, तर म्हणाले, "आई घरात हाय की. आठवण कशाला? ही कामाची बिडी हाय."

काम असं. छोट्या विमानात दोघंच शेजारी शेजारी बसतात, शिकणारा डावीकडे, शिकवणारा उजवीकडे, आणि दोघांच्याही पुढ्यात एकेक हँडल. सुरुवातीचे धडे अगदी साधे असतात. सरळ जायचं, चढायचं, उतरायचं, वळायचं. ऐकायला काहीच नाही. पण वळताना विमान नुसतं कलंडून चालत नाही, पायांनीही त्याला सांभाळावं लागतं, नाहीतर ते ओल्या फरशीवरच्या पाटासारखं बाजूला घसरतं. घसरतंय की नाही हे दाखवायला समोर काचेच्या नळीत एक काळी गोळी असते. गोळी मधोमध राहिली की वळण बरोबर. साऱ्या जगातले वैमानिक या गोळीवर विश्वास ठेवतात. सर ठेवत नसत. ते कानावरची बिडी काढून समोरच्या फळीवर ठेवायचे. "गोळी कंपनीची, बिडी निपाणीची. बिडी लोळली की वळण चुकलं, समजा," असं आदराने सांगायचे.

बिडी एका टोकाला निमुळती असते, ती सरळ लोळतच नाही, गोल फिरते, हे मी त्यांना सांगितलं. त्यावर ते म्हणाले, "मग तुम्ही वळताय ते तरी कुठं सरळ आहे?"

भाषांच्या बाबतीतही त्यांची वाटणी ठरलेली. इंग्रजी टॉवरशी बोलायला, मराठी एरवीला, आणि हातापायांना हुकूम द्यायचा तो कानडीत. तरुणपणी ते बेंगळुरूला उडायला शिकले होते, आणि तिथल्या त्यांच्या गुरूंना मराठीचा गंध नव्हता. त्यामुळे हातांनी काय करायचं ते सगळं त्यांच्या डोक्यात कानडीत बसलेलं. नाक वर घ्यायचं तर 'मेले', डावीकडे वळायचं तर 'येडक्के'. पुण्याच्या त्या मुलाचा पहिला दिवस आम्हाला सगळ्यांना तोंडपाठ आहे. विमान चढत होतं, शेजारी बसलेला अनुभवी माणूस शांतपणे "मेले, मेले" म्हणत होता, आणि हा देवाचं नाव घेत होता. पाठोपाठ "येडक्के" ऐकून, सरांनी आपल्याला वेडा म्हटलं असं समजून, त्याने माफी मागितली. उतरल्यावर आम्ही पोट धरून हसलो. बेळगावच्या माणसाला असलं काही होणार नाही अशी माझी खात्री होती. बाजारात भाजी घेण्याइतकं, बसमध्ये भांडण्याइतकं कानडी आम्हा सगळ्यांनाच येतं. आमचे आप्पा तर कानडीत उत्तम भांडतात, फक्त ते मान्य करत नाहीत.

आप्पा म्हणजे माझे वडील. येळ्ळूरला आमची शेती आहे, शिवाय आप्पा शहरात कारखान्यात नोकरीला. सीमाप्रश्नाच्या प्रत्येक मोर्चाला ते गेलेले आहेत. मी विमान शिकायला लागले तेव्हा त्यांनी मला एकच गोष्ट विचारली, "शिकिवणारं मास्तर मराठी हाय न्हवं?" मी म्हटलं, "व्हय आप्पा, निपाणीचं हाय." त्यांचं समाधान झालं. पुढचं मी सांगितलं नाही.

पण गावाचं समाधान त्याहून मोठं होतं. मी शाळेत नाव घातल्याला महिना व्हायच्या आत गावाच्या वेशीवर फ्लेक्स लागला. वर गावातल्या पुढाऱ्यांचे फोटो, खाली शुभेच्छुकांची रांग, आणि मधोमध मी, बारावीच्या ओळखपत्रावरच्या चेहऱ्याने, मागे चार इंजिनांचं अवाढव्य विमान. 'येळ्ळूरची पहिली महिला पायलट, हार्दिक अभिनंदन!' मी तोवर एकटीने वीतभरसुद्धा उडाले नव्हते. कंपनीचं नाव कळलं नसल्यामुळे विमानावर कुणाच्या तरी डेअरीचं नाव टाकलं होतं.

आप्पा कामाला जाताना रोज त्या फ्लेक्सखाली गाडीचा वेग कमी करायचे. मला ते दिसायचं आणि मी नजर चुकवायचे. कारण मला स्टॉल जमत नव्हता.

स्टॉल म्हणजे दुकान नव्हे. विमानाचं नाक वर उचलत उचलत वेग इतका कमी करायचा, की पंखांना वजन पेलवेनासं होतं. आधी भोंगा केकाटायला लागतो, मग विमान थरथरतं आणि नाक धाडकन खाली जातं. समोर आभाळ होतं तिथे एकदम उसाचे फड दिसायला लागतात. अशा वेळी करायचं काय, तर हँडलवरचा हात सैल सोडायचा. नाक जातंय तर जाऊ द्यायचं. वेग येतो, पंख पुन्हा हवा धरतात, मग इंजिनाची ताकद वाढवून वर यायचं. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, त्यावर मार्कही मिळवले होते. पण नाक पडलं की माझे दोन्ही हात हँडल छातीशी ओढायचे. मी शेतकऱ्याच्या घरात वाढले. बैल उधळला की कासरा आवळायचा, एवढं हातांना ठाऊक. हात माझं ऐकायलाच तयार नव्हते.

ओढल्याने विमान आणखी रुसायचं, एका अंगावर कलायचं. मग सर आपल्या बाजूचं हँडल धरून सगळं सावरायचे आणि म्हणायचे, "हा कासरा नव्हे, मॅडम." खाली उतरल्यावर म्हणायचे, "अगं, मारतीस काय मला? माझ्या आईला काय सांगू?"

सरांचीही एक गंमत होती. "मी हात मांडीवर ठेवलेत, विमान तुमच्या हातात आहे," असं ते दरवेळी जाहीर करायचे. मी तिरक्या डोळ्याने बघायचे, तर त्यांचा डावा हात मांडीवरून निघून हँडलखाली येऊन थांबलेला असायचा, झोपलेल्या पोराच्या डोक्याखाली धरल्यासारखा. कधी कधी बोटं हँडलला लागलेली असायची. मला ते हँडलमधून कळायचं. लोकांना सोडायला शिकवणारा हा माणूस स्वतः काहीच सोडत नसे. मी बोलले नाही. तो हात तिथे आहे म्हणून मला बरं वाटायचं, हे कशाला नाकारू?

शाळेचा नियम कडक होता. एकटीने उडायची परवानगी मिळण्याआधी मुख्य कॅप्टन स्वतः शेजारी बसून परीक्षा घेणार, आणि स्टॉल सावरता आला नाही तर घरी. ते कॅप्टन दिल्लीकडचे, हिंदी-इंग्रजी बोलणारे, हसणं त्यांच्या नियमात बसत नसे. परीक्षा आठवड्यावर आली, तरी माझे हात अजून कासऱ्यावरच.

त्या सकाळी आम्ही उंच गेलो. हवा स्वच्छ होती, महामार्गावरच्या ट्रकची रांग दिसत होती. अशी हवा असली की सर निपाणीच्या दिशेला एकदा बघून घ्यायचे, मग धडा सुरू. त्यांनी बिडी फळीवर ठेवली. मी ताकद कमी केली, नाक उचललं. भोंगा सुरू झाला. विमान थरथरलं. नाक पडलं, आणि माझे हात नेहमीप्रमाणे मागे जायला लागले.

"बिडी!" सर ओरडले. "बिडी, बिडी, बिडी!"

मी पाहिलं तर खरंच, फळीवर बिडी नव्हती. ती घरंगळून माझ्या पायाशी पडली होती, पेडलजवळ. सरांना ती बिडी किती महत्त्वाची हे आम्हा सगळ्यांना माहीत. शिवाय पायात सुटी वस्तू अडकली तर पेडल दबणार नाही, हे त्यांनीच शिकवलेलं. मी हँडल सोडून दिलं, वाकले आणि बिडी शोधायला लागले.

खाली वाकलेली असतानाच मला जाणवलं की भोंगा थांबला आहे. थरथर गेली आहे. अंगाखाली सीट अलगद लागते आहे. मी बिडी घेऊन वर आले तर विमान शहाण्यासारखं, थोडं नाक खाली करून, आपलं आपण उडत होतं. कुणीच ते धरलेलं नव्हतं. सर माझ्याकडे बघत होते, आणि त्यांचे दोन्ही हात, पहिल्यांदाच, खरोखर हवेत होते.

"सापडली सर," मी म्हटलं.

"काय सापडली?"

"बिडी."

सरांनी माझ्या हातातल्या बिडीकडे पाहिलं. मग म्हणाले, "अहो, मी 'सोडा' म्हणत होतो. हँडल. कानडीत."

आमच्या बेळगावात कानडीत आदराने 'सोडा' म्हणायचं तर 'बिड्री' म्हणतात. बाजारात, बसमध्ये, कचेरीत, सगळीकडे बिड्री. 'बिडी' म्हणतात ते तिकडे बेंगळुरूकडे. सर रागावून 'बिडु' म्हणाले असते तरी मला कळलं असतं. पण त्यांना हवेत कुणाचा अपमान करायचा नव्हता, आणि त्यांचा आदर बेंगळुरूचा होता. पुण्याच्या मुलाला हसलेली मी, उसाच्या फडांवर कोसळत असताना, बिडी शोधत होते.

सर हसायला लागले. त्यांचं पोट हललं, पट्टा हलला, मला वाटतं विमानही हललं. "परत करा," ते डोळे पुसत म्हणाले. "तसंच. फक्त खाली वाकू नका."

परत केलं. नाक पडलं, सर म्हणाले "बिडी", आणि माझे हात सैल झाले. कासरा सुटला. त्यानंतर आम्ही इतके स्टॉल केले, की सरांनाच मळमळायला लागलं.

हा किस्सा शाळेभर झाला आणि तिथून येळ्ळूरला पोचायला कितीसा वेळ लागणार? आप्पा रविवारी डबा घेऊन विमानतळाच्या फाटकाशी हजर. सर बाहेर आले. आप्पांनी नमस्कारसुद्धा केला नाही.

"मास्तर, तुम्ही निपाणीचं. आमच्या पोरीला कानडीत का शिकिवता? इमान मराठीत उडत न्हाय व्हय?"

सरांनी शांतपणे विचारलं, "आप्पा, तुमचं बैल कुठलं?"

"चिकोडीच्या बाजारातलं."

"त्याला वळवताना काय म्हणतायसा?"

आमचा बैल कानडी मुलखातून आलेला, त्याला मराठीत कळत नसे. आप्पा त्याच्याशी रोज कानडीत बोलतात, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. थोडा वेळ ते फाटकाच्या गजाशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "ते जनावर हाय."

"हे बी जनावरच हाय," सर म्हणाले. "लई हुशार. पर ज्या भाषेत शिकलं त्या भाषेतच ऐकतंय. मी सोताबद्दल बोलतोय, आप्पा."

आप्पांना हसू आलं ते त्यांनी मिशीत दाबलं. डबा सरांच्या हातात दिला आणि एवढंच विचारलं, "पोरगी पडंल का?"

"न्हाय," सर म्हणाले. ही एक गोष्ट त्यांनी अजिबात वाकडी करून सांगितली नाही.

परीक्षेच्या दिवशी सरांच्या सीटवर कॅप्टन बसले. फळीवर बिडी नव्हती, कॅप्टनना कचरा चालत नसे. सरळ जाणं, चढणं, वळणं झालं. मग त्यांनी स्टॉल सांगितला. मी नाक उचललं. भोंगा, थरथर, आणि समोर ऊस. शेजारून कुणी काही बोलणार नव्हतं. माझ्या बोटांनी हँडल आवळलं, मला ते दिसलं, आणि माझ्याच तोंडातून मोठ्याने निघालं, "बिडी!"

हात सुटले. विमान सावरलं. मी ताकद वाढवली, वर आले, सगळं जागच्या जागी.

कॅप्टन माझ्याकडे वळले. "बीडी?" त्यांनी हिंदीत विचारलं. "अभी चाहिए?"

मी समजावायचा प्रयत्न केला. इंग्रजीतून, एका मराठी मुलीने, एका हिंदी माणसाला, बेंगळुरूचं कानडी. त्यांनी मध्येच हात वर केला. उतरल्यावर कागदावर सही केली आणि सरांना बोलावून सांगितलं, की मुलगी ठीक आहे, उद्या एकटी जाऊ दे, पण या शाळेत कुणी बीडी ओढता कामा नये. सर म्हणाले, "यस सर." आणि कानावरची बिडी खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी मला गाडीवरून सोडलं. वेशीतून जाताना मी फ्लेक्सकडे बघितलं. मधल्या काळात ऊन खाऊन माझा चेहरा पार उडून गेला होता. मागचं विमान आणि डेअरीचं नाव तेवढं शाबूत होतं. "नवा लावायला सांगतो," आप्पा म्हणाले. मी म्हटलं, "आधी उतरतो तर, आप्पा." आमच्याकडे मुलीही येतो-जातोच म्हणतात.

सरांबरोबर एक चक्कर झाली. उतरल्यावर त्यांनी मला विमान कडेला घ्यायला लावलं, इंजिन चालूच होतं. पट्टा काढून ते खाली उतरले. रिकाम्या सीटचा पट्टा नीट बांधला, तो ओढून बघितला, परत ओढून बघितला. मग मागून वळसा घालून माझ्या बाजूला आले आणि दार उघडून माझा पट्टा ओढून बघितला. कानावर बिडी परत आली होती.

"हलकं लागंल," ते इंजिनाच्या आवाजावर ओरडले. "माझं वजन न्हाय आता. पटकन उचलंल. घाबरू नको... नका." ते थांबले. "वेग बघ. बघा. वेग बघत ऱ्हा... ऱ्हावा."

मी विमानात होते आणि ते जमिनीवर. कुठला नियम लावायचा हे त्यांना समजेना. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना दरवेळी पडला असणार, आणि दरवेळी तो सुटायचा राहून गेला असणार.

मी मान हलवली. त्यांनीही हलवली. दार काही लागेना. बघितलं तर त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं होतं, बोटं पांढरी होईतोवर. टॉवरने मला निघायला सांगितलं, सरांनी ते ऐकलं, तरी हात तसेच. त्यांचे डोळे भरले होते. वाऱ्याने म्हणावं तर वारा त्यांच्या पाठीकडून होता. तेव्हा मला कळलं, की हँडलखालचा तो हात माझ्या भीतीसाठी नव्हताच.

"सर," मी म्हटलं, "बिडी."

त्यांचा एक हात चटकन कानावर गेला. त्यांनी बिडी काढली, आत वाकून माझ्यासमोर फळीवर ठेवली, नीट सरळ केली. "असू दे, असू दे," म्हणाले. "कॅप्टनला दिसत न्हाय तिथनं."

"ही न्हवं सर," मी दाराला धरलेल्या दुसऱ्या हाताकडे बघितलं. "बिडी."

त्यांनी त्या हाताकडे पाहिलं, तो दुसऱ्याच कुणाचा असावा तसं. मग बोटं एकेक करून सुटली. दार लागलं. ते चार पावलं मागे सरले, पोटावरचा शर्ट खाली ओढून नीट केला आणि दोन्ही पाय जमिनीवर टेकलेले असताना, अगदी स्पष्ट, म्हणाले,

"जावा."